८० कॉलमचा जुना स्क्रीन डोळे न शिणवता कसा वाचायचा

माळ्यावरचा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, बीबीसी मायक्रो, कमोडोर १२८ नाहीतर ॲमस्ट्रॅड, खाली काढला, नशिबाने चालू पण झाला, आणि हौसेने ८० कॉलमचा (एका ओळीत ८० अक्षरांचा) मोड लावला की अर्ध्या तासात डोळे चुरचुरायला लागतात, कपाळ जड होतं, मग माणूस म्हणतो वय झालं आता किंवा जुने मॉनिटर असलेच. दोन्हीत थोडं तथ्य असेलही, पण बहुतेक वेळा अक्षर स्क्रीनपर्यंत पोचायच्या आत वाटेतच फाटलेलं असतं आणि डोळे ते जोडत बसतात. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा आहे, आधी वायर आणि मॉनिटर, मग रंग, मग ओळीची लांबी, मग खोलीतला उजेड, आणि चष्म्याचा विचार त्यानंतर. उलट्या बाजूने सुरुवात केली तर ब्राइटनेसचं बटण फिरवत बसाल आणि हाती काही लागणार नाही.

थोडं गणित करू, नंतर सगळं त्यावरच चालतं. बीबीसी मायक्रो (डिसेंबर १९८१ चं मशीन) ८० कॉलम दाखवताना एका ओळीत ६४० ठिपके टाकतो आणि ते सेकंदाला १ कोटी ६० लाख या वेगाने बाहेर पडतात, म्हणजे १६ मेगाहर्ट्झ. एक ठिपका पांढरा एक काळा असं लागोपाठ आलं की ती ८ मेगाहर्ट्झची लहर झाली. आपल्याकडच्या पाल टीव्हीला अँटेनाच्या वाटेने पाचेक मेगाहर्ट्झच्या वरचं काही पोचतच नाही, आणि त्यात ४.४३ मेगाहर्ट्झवर रंगाची लहर बसलेली, ती वेगळी काढायला रंगीत टीव्ही त्या आसपासची बारीक डिटेल कापून टाकतो. ४० कॉलमला हे चालून जातं कारण ठिपके निम्म्या वेगाने येतात. म्हणूनच कमोडोर ६४ वगैरे टीव्हीला जोडायची मशीनं ४० कॉलमची, आणि स्पेक्ट्रम तर ३२ चाच. पुण्याच्या डेसिबेल्सने आपल्याकडे जो डीबी स्पेक्ट्रम विकला तोही आतून तोच, २५६ ठिपक्यांचा. ८० हा आकडा मुळात टीव्हीचा नाहीच, आयबीएमच्या १९२८ सालच्या पंचकार्डवर ८० रकाने होते, तिथून तो टर्मिनलवर आला आणि तिथून ऑफिसातल्या सॉफ्टवेअरमध्ये.

हे झाल्यावर परिणाम काय दिसतो ते बघा. अक्षराची आडवी रेघ लांब असते, तिला वेग लागत नाही, ती ठसठशीत दिसते. उभी रेघ मात्र एकाच ठिपक्याची असेल तर ती करडी पडते, पसरते, आणि एम, डब्ल्यू, एच ही अक्षरं पावसात भिजलेल्या पेपरसारखी फुगतात. बीबीसीच्या फाँटमध्ये उभ्या रेघा दोन ठिपके जाड आहेत, त्यामुळे तो बिचारा खराब टीव्हीवरही थोडा टिकतो. ज्यांच्या फाँटमध्ये एकच ठिपका आहे त्यांची लागलीच वाट लागते.

तेव्हा सगळ्यात आधी एक टेस्ट करा. बेसिकमध्ये फॉर लूप लावून अख्खा स्क्रीन छोट्या एमने भरून टाका, मग तेच ८ आणि बी आलटून पालटून घालून करा. आता वाचायचा प्रयत्न करू नका, फक्त बघा कुठे काय बिघडलंय. उभ्या रेघा सगळीकडेच फिक्या आणि आडव्या स्वच्छ असतील तर सिग्नलचा प्रॉब्लेम, म्हणजे आरएफ (अँटेनाच्या सॉकेटातून जाणारी) किंवा कंपोझिट (उजेड आणि रंग एकाच वायरीत मिसळलेली) वाट. मध्ये स्वच्छ आणि कोपऱ्यात धूसर असेल तर मॉनिटरचा फोकस. अक्षरांच्या कडेला लाल-निळी झालर दिसत असेल तर जरा थांबून बघा, ती झालर अक्षर बदललं की बदलते का? बदलत असेल तर कंपोझिट सिग्नलमधली रंगांची गडबड. स्क्रीनच्या त्या भागात कुठलंही अक्षर ठेवलं तरी तशीच राहते? मग मॉनिटरच्या लाल, हिरवी, निळी अशा तीन बीम एकमेकांवर नीट बसत नाहीयेत. ही दोन दुखणी लांबून सारखी दिसतात आणि इलाज पूर्ण वेगळे, म्हणून इथे दोन मिनिटं जास्त घालवलेली परवडतात. आणि हे सगळं मॉनिटर पंधरा-वीस मिनिटं तापल्यावर, थंड ट्यूबवर कशाचाच निकाल लावू नका.

सिग्नलचा दोष निघाला तर आरएफची वायर आधी काढा, अँटेनाच्या सॉकेटातून ८० कॉलम वाचायचा हट्ट सोडाच. बीबीसीच्या मागे बीएनसीचं (गोल, फिरवून बसणारं सॉकेट) व्हिडिओ आउटपुट असतं आणि बहुतेक बोर्डांवर ते कारखान्यातूनच कृष्णधवल येतं, रंग त्यात बोर्डावरची एक लिंक (छोटी जोडणी) जोडल्याशिवाय येत नाही. ही उणीव वाटते पण वाचनासाठी वरदान आहे, ती लिंक तशीच राहू द्या. कमोडोर १२८ (१९८५) मध्ये ८० कॉलमसाठी वेगळी चिप आणि वेगळं ९ पिनचं आउटपुट आहे, रंगीत हवं तर आरजीबीआय (लाल, हिरवा, निळा आणि उजळपणा वेगवेगळ्या वायरींत) घेणारा मॉनिटर लागतो, पण त्याच सॉकेटच्या ७ नंबरच्या पिनवर कृष्णधवल व्हिडिओ मिळतो, ती पिन आणि ग्राउंड अशा दोन वायरी काढून साध्या कंपोझिट इनपुटला दिल्या की काम झालं. बरेच जण ४० कॉलमच्या सॉकेटात वायर ठेवून ४०/८० चं बटण दाबतात आणि स्क्रीन काळा झाला म्हणून मशीन गेलं समजतात. मशीन ठीक असतं, चित्र दुसऱ्या दाराने बाहेर पडत असतं. आयबीएम पीसीवर सीजीए (सुरुवातीच्या रंगीत डिस्प्ले) कार्डचं कंपोझिट वापरत असाल तर डॉसमध्ये मोड बीडब्ल्यू८० ही कमांड द्या, रंगाचा सिग्नल बंद होतो आणि झालर जाते.

कमोडोर ६४ वर सॉफ्टवेअरने ८० कॉलम करतात त्याबद्दल स्पष्टच सांगतो. तिथे ठिपके ३२० च आहेत, म्हणजे एका अक्षराला चार, त्यातला एक मोकळी जागा म्हणून गेला, उरले तीन. तीन ठिपक्यांत एम काढून दाखवा. सिग्नल कितीही स्वच्छ केला तरी ते अक्षर मुळातच अर्धवट आहे, मेंदू अंदाजाने वाचतो. लेआउट कसा दिसेल हे बघायला ठीक, पण पानंच्या पानं वाचायला-लिहायला ४० च लावा. स्पेक्ट्रमवर टासवर्ड टू ६४ कॉलम दाखवायचा तेही याच युक्तीने, अक्षराला चार ठिपके. तरी कमोडोरवर एक गोष्ट जरूर करा, ज्या मॉडेलच्या व्हिडिओ सॉकेटवर ल्युमा (रंगाशिवाय फक्त उजेडाचा सिग्नल) वेगळा मिळतो तिथून फक्त तोच मॉनिटरच्या व्हिडिओ इनपुटला द्या. चित्र कृष्णधवल होईल पण कडा एकदम धारदार, ४० कॉलमलाही फरक कळतो.

आता मॉनिटर कुठला. माझं मत विचाराल तर वाचायला कृष्णधवल किंवा हिरवा, रंगीत नको. कारण साधं आहे, रंगीत ट्यूबच्या आत भोकं असलेला पातळ पत्रा असतो आणि त्या भोकांमधलं अंतर हीच तिची मर्यादा. १४ इंची स्क्रीनवर मजकुराची रुंदी साधारण २५ सेंटिमीटर धरली तर ६४० ठिपक्यांत प्रत्येकाला ०.३९ मिलिमीटर येतात. कमोडोरच्या १०८४ मॉनिटरचं अंतर ०.४२ मिमी आहे, म्हणजे काठावर पास. घरगुती रंगीत टीव्हीचं याहून बरंच जास्त असतं, तिथे आरजीबी दिलं तरी ट्यूबच नापास करते. कृष्णधवल ट्यूबमध्ये हा पत्राच नसतो. ॲमस्ट्रॅड सीपीसी ४६४ (१९८४) सोबत हिरवा किंवा रंगीत असे दोन मॉनिटर मिळायचे, गेम खेळणारी पोरं रंगीत मागायची, पण मोड २ मधले ८० कॉलम वाचायला हिरवाच भारी, आणि स्वस्त पण होता.

आज असं काही शोधायचं तर सीसीटीव्हीचे जुने कृष्णधवल मॉनिटर बघा, नऊ इंची, बीएनसीवाले, दुकानं-सोसायट्यांतून निघालेले, भंगारात किंवा जुन्या बाजारात अजून दिसतात. हे दिवसरात्र चालायला बनवलेले असल्यामुळे स्क्रीनवर जुनी चित्रं भाजली गेलेली नाहीत ना ते बंद असताना काचेकडे तिरकं बघून तपासा. घरी आणल्यावर मागचा ७५ ओहमचा स्विच बघायला विसरू नका, तो हाय-झेड वर (म्हणजे ७५ ओहम बंद) राहिला असेल तर चित्र भसाभस उजळ येतं आणि प्रत्येक अक्षरामागे भूत दिसतं, लोक मग काँट्रास्ट कमी करत बसतात. वायर पण व्हिडिओची घ्या, ऑडिओची बारीक लाल-पांढरी नको. आणि मॉनिटर उघडून फोकसचा स्क्रू फिरवायचा मोह झाला तर आवरा, आत हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ट्यूबवर चार्ज राहतो, ते काम ज्याने आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केलेत त्याच्याकडून करून घ्या.

ब्राइटनेस आणि काँट्रास्ट लावायची पद्धत एकच आहे. काँट्रास्ट पूर्ण खाली, मग ब्राइटनेस वाढवत न्यायचा तोपर्यंत काळ्या जागी करडा चौकोन दिसू लागेल, तिथून थोडा मागे घ्यायचा की तो चौकोन नुकताच नाहीसा व्हावा. आता ब्राइटनेसला हात नाही लावायचा. काँट्रास्ट हळूहळू वर, अक्षर वाचता आलं की थांबा. त्याच्या पुढे नेलं की बीमचा ठिपका फुगतो आणि अक्षरं जाड व्हायला लागतात, ओ आणि ० मधला फरक जातो. दिवसा उजेडात लावलेलं रात्री डोळ्यात घुसतं, म्हणजे दिवसातून दोनदा हा खेळ करावा लागेल, ते चालायचंच.

रंगीत मॉनिटरच असेल तर अक्षरांचा रंग बदला, यात बऱ्याच जणांचा विश्वास बसत नाही इतका फरक पडतो. पांढरं अक्षर म्हणजे लाल, हिरवी, निळी अशा तिन्ही बीम एकाच जागी पडायला हव्यात, जुन्या मॉनिटरवर कोपऱ्यात त्या पडत नाहीत. हिरवं अक्षर एकाच बीमचं, त्याला कोणाशी जुळवून घ्यायचं नाही. पिवळं दोन बीमचं, मधलं. निळं अक्षर काळ्यावर तर अजिबात नको, उजेड कमी आणि डोळ्याच्या मध्यभागी निळा ओळखणाऱ्या पेशीही विरळ. बीबीसीवर असं टाका:

मोड ३
व्हीडीयू १९,१,२,०,०,०

झालं, काळ्यावर हिरवं. (कीबोर्डवर अर्थातच इंग्रजीत.) ॲमस्ट्रॅडवर मोड २ सुरुवातीला निळ्यावर पिवळा असतो, तिथे:

इंक ०,०
इंक १,१८
बॉर्डर ०

पार्श्वभूमी काळीच ठेवण्यामागे अजून एक कारण आहे, फ्लिकर, म्हणजे चित्राची थरथर. ही मशीनं सेकंदाला ५० वेळा चित्र काढतात (अमेरिकन असतील तर ६०) आणि मोठा उजळ भाग त्या वेगाला थरथरतो, समोर बघताना कळत नाही पण डोळ्याच्या कोपऱ्यातून बरोबर कळतं आणि डोकं तिथूनच चढतं. अटारी एसटीचा एसएम१२४ मॉनिटर कागदासारखा पांढरा स्क्रीन दाखवूनही त्रास देत नाही, कारण तो ७१ हर्ट्झवर चालतो. पाल कमोडोरवर तसला पांढरा स्क्रीन करायला गेलात तर पस्तावाल. अमिगावर (कमोडोरचाच कॉम्प्युटर) इंटरलेस मोडची हीच कथा, त्यात एकाआड एक ओळी आळीपाळीने काढतात, म्हणून एक एक रेघ सेकंदाला २५ वेळाच येते, तिथे काळं-पांढरं टाळून जवळजवळचे करडे रंग निवडले की थरथर बरीच बसते. बीबीसीवर इंटरलेस बंदच करता येतं, *टीव्ही ०,१ (आधी ताऱ्याचं चिन्ह) टाकायचं आणि मग मोड परत द्यायचा, तोपर्यंत परिणाम दिसत नाही.

बीबीसीबद्दल अजून एक. मोड ० मध्ये ३२ ओळी आणि मोड ३ मध्ये २५, दोन्ही ८० कॉलम. वाचायला ३ घ्या, कारण त्यात दोन ओळींमध्ये मोकळी जागा सुटते आणि नजर पुढच्या ओळीवर बरोबर उतरते. फक्त ती जागा कायम काळीच राहते, पार्श्वभूमी निळी केली तर स्क्रीनभर काळे पट्टे दिसतील, म्हणून परत तेच, काळं ठेवा. आपल्याकडे १९८४ साली शाळांमध्ये क्लास प्रकल्प (कॉम्प्युटर शिकवायची सरकारी योजना) आला तेव्हा बीबीसी मायक्रोच आले होते, चंदीगडजवळच्या मोहालीतल्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने इथे बनवलेला अवतार युनिकॉर्न नावाने ओळखला जायचा, त्यामुळे असलं मशीन पाहिलेला माणूस ओळखीत निघायची शक्यता कमोडोरपेक्षा जास्त. तिथे टीव्हीच जोडायचा असेल आणि फक्त वाचायचंच असेल तर सरळ मोड ७ लावा, ४० कॉलमचा टेलिटेक्स्ट (टीव्हीवर मजकूर दाखवायची पद्धत), कडा गोल करून दाखवतो, टीव्हीवर त्याच्याइतकं सुंदर अक्षर या पिढीत क्वचितच.

आता ओळीची लांबी. ८० कॉलम आहेत म्हणून ८० भरलेच पाहिजेत असा काही नियम नाही. एवढ्या लांब ओळीच्या शेवटून पुढच्या ओळीची सुरुवात शोधताना नजर चुकते, तीच ओळ परत वाचली जाते, आणि हा थकवा फ्लिकरच्या नावावर खपतो. दोन्ही बाजूला आठ आठ कॉलम सोडून ६४ ची चौकट करा. बीबीसीवर व्हीडीयू २८,८,२४,७१,० (डावा, खालचा, उजवा, वरचा असा क्रम), ॲमस्ट्रॅडवर विंडो ९,७२,१,२५, कमोडोर १२८ वर विंडो ८,०,७१,२४,१. स्क्रीनच्या कडांना फोकस सगळ्यात वाईट असतो, त्या पण आपोआप सुटतात. वर्डप्रोसेसरमध्ये मार्जिन ६५ ला आणा, तेवढंच.

अक्षराच्या उंचीची काळजी करू नका. आयएसओ ९२४१ (स्क्रीनवरच्या कामाचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या भाग ३ मध्ये कमीत कमी १६ आर्कमिनिट (एक म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि शक्यतो २० ते २२ सांगितलेत, ६० सेंटिमीटरवरून त्याचा हिशेब पावणेतीन ते पावणेचार मिलिमीटर होतो, आणि १४ इंची स्क्रीनवर २५ ओळी असताना कॅपिटल अक्षर पाचेक मिलिमीटरचं असतं. नऊ इंचीवर काठावर बसतं, तिथे थोडं पुढे सरका. जवळ ओढून बसण्याचं कारण उंची नसतंच, रुंदी आणि धूसरपणा असतो, म्हणून तर वायरवर एवढं बोललो. आयबीएमच्या पहिल्या पीसीत ऑफिसवाले रंग सोडून एमडीए (फक्त मजकुराचं एकरंगी) कार्ड का घ्यायचे, कारण त्यात एका अक्षराला ९ बाय १४ ठिपके मिळायचे आणि सीजीएत ८ बाय ८.

खोलीत ट्यूबलाइट डोक्यामागे नको, काचेत तिचा पांढरा दांडा पडतो आणि डोळे कधी अक्षरावर तर कधी दांड्यावर फोकस करत राहतात. खिडकी किंवा बाल्कनीचं दार बाजूला हवं, समोर नाही, पाठीमागे नाही. जुनी चोकवाली ट्यूब असेल तर ती स्वतःच सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, ती बदला. एकदम अंधार करून बसायची पण गरज नाही, मॉनिटरच्या मागे भिंतीवर एक मंद दिवा पुरतो. काच पुसा, सीआरटी (पिक्चर ट्यूब) धूळ ओढते आणि महिन्याभरात चांगला थर जमतो. नव्वदच्या दशकात ऑफिसात मॉनिटरपुढे जाळीचे किंवा काचेचे फिल्टर लटकवायचे, अर्थिंगची वायर लोंबणारे, त्यांचा रेडिएशनवाला प्रचार सोडून द्या, पण चकाकी मारायला ते खरंच उपयोगी आहेत, फक्त जाळीवाला ८० कॉलमवर नको, अक्षर अजून अंधुक करतो.

डोळ्यांचं म्हणाल तर स्क्रीनकडे टक लावली की पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, वर पंखा किंवा एसी तोंडावर असेल तर बघायलाच नको, वारा बाजूला वळवा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघायचं हा नियम जुन्या स्क्रीनलाही लागू, डिस्क लोड होताना तसाही वेळ मिळतो. चाळिशीचा चष्मा साधारण पुस्तकाच्या अंतरासाठी, दीड फुटाच्या आतला असतो आणि मॉनिटर दोन फुटांवर, मग माणूस बायफोकलच्या खालच्या भागातून बघायला मान वर करतो आणि संध्याकाळी मान धरते. डोळ्यांच्या डॉक्टरांना अंतर मोजून सांगा आणि त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या, मॉनिटर पण नजरेच्या थोडा खाली ठेवा. इतकं सगळं करूनही डोकं रोज दुखत असेल तर मशीन बाजूला ठेवून आधी तपासून या.

सीआरटी मिळतच नसेल आणि एलसीडीवर चालवायचं असेल तर टीव्हीच्या कंपोझिट इनपुटला देऊ नका, बरेच टीव्ही या सिग्नलला इंटरलेस समजून ओळी हलवत बसतात. साध्या व्हीजीए मॉनिटरला पण थेट चालत नाही, बहुतेकांना ३० किलोहर्ट्झच्या (सेकंदाला ३० हजार ओळी) आसपास तरी लागतं आणि ही मशीनं साडेपंधराच्या घरातली. मध्ये कन्व्हर्टर लागतो, रास्पबेरी पाय झिरोवर चालणारा आरजीबीटूएचडीएमआय किंवा ओएसएससी. ओएसएससीत एका ओळीचे सॅम्पल हाताने भरा, बीबीसी आणि ॲमस्ट्रॅडला १०२४, सीजीएला ९१२, मग फेज (सॅम्पल घेण्याची नेमकी वेळ) थोडा थोडा हलवत एमने भरलेला स्क्रीन बघा, एका जागी सगळ्या उभ्या रेघा एकदम सारख्या होतात, तिथे सोडा. टीव्ही असेल तर शार्पनेस शून्य आणि ओव्हरस्कॅन (कडा कापून चित्र मोठं करणं) बंद. बीबीसीवाल्यांनी ऑफिसातून निघालेला जुना १२८० बाय १०२४ चा चौकोनी एलसीडी शोधावा, मोड ० चे ६४० बाय २५६ ठिपके त्यावर आडवे दुप्पट आणि उभे चौपट अगदी काठोकाठ बसतात, एकही ठिपका अर्धा कापला जात नाही.